वाचकांचे प्रश्न : अकरा वेळा निवडून आलेला आमदार

गेल्या अंकात सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख यांच्याविषयी आम्ही एक लहानसे टिपण छापले होते. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तरी त्यांच्याविषयीचे कुतूहल ओसरलेले नाही, हे त्यानंतर आलेल्या पत्रांवरून दिसते. काही वाचकांनी त्यांच्या राजकीय प्रवासाबद्दल विचारले आहे आणि काहींनी त्या निमित्ताने आमदाराचे काम नेमके कोणते, हा मूळ प्रश्न उपस्थित केला आहे. अनेक वर्षे विधिमंडळाचे वार्तांकन केलेला माणूस म्हणून मला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे निवडक पत्रांना उत्तरे देताना मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळलो आहे.

प्रश्न : गणपतराव देशमुख सलग अकरा वेळा निवडून आले आणि हा देशातील विक्रम आहे, असे आमच्याकडे नेहमी सांगितले जाते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पंढरपूर

उत्तर : अकरा हा आकडा खरा आहे, ‘सलग’ हा शब्द मात्र खरा नाही. गणपतराव १९६२ मध्ये सांगोला मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर प्रथम निवडून आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरची ती पहिलीच विधानसभा निवडणूक होती. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले, १९७२ मध्ये पराभूत झाले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत विजयी होऊन सभागृहात परतले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा चार निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. पुढच्याच म्हणजे १९९९ च्या निवडणुकीत ते परत आले आणि २००४, २००९ व २०१४ असे तिन्ही वेळा निवडून आले. शेवटचा विजय मिळाला तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली होती. २०१९ मध्ये ते स्वतः उभे राहिले नाहीत. सभागृहातील त्यांच्या एकूण वर्षांची बेरीज पन्नासच्या घरात जाते.

एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या वतीने अकरा विजय ही महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाच्याही नावावर नसलेली कामगिरी आहे. देशाचा विचार केला तर केरळमधील के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा निवडून आले. आणि तमिळनाडूचे एम. करुणानिधी तेरा वेळा आमदार झाले, मात्र त्यांनी मतदारसंघ बदलले. तेव्हा ‘देशातील विक्रम’ असे म्हणणे बरोबर होणार नाही, आणि असे म्हटल्याने गणपतरावांच्या मोठेपणात काही भरही पडत नाही.

माझ्या दृष्टीने अकरा विजयांइतकेच ते दोन पराभवही मोलाचे आहेत. सलग चार वेळा जिंकलेला माणूस १९२ मतांनी हरतो, तेव्हा त्याच्यापुढे घरी बसण्याचे किंवा सत्तेच्या जवळच्या एखाद्या मोठ्या पक्षात जाण्याचे दोन सोपे मार्ग असतात. सत्तरीकडे झुकलेल्या गणपतरावांनी यांपैकी एकही मार्ग स्वीकारला नाही. ते त्याच पक्षात राहिले, त्याच तालुक्यात काम करत राहिले आणि चार वर्षांनी त्याच मतदारांपुढे पुन्हा उभे राहिले.

प्रश्न : शेतकरी कामगार पक्षाचे आमदार कधीही पाच-पंधरांच्या पुढे गेले नाहीत. एवढ्या लहान पक्षाचा आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसलेला आमदार सभागृहात नेमके काय करू शकतो? बहुमत ज्याचे, निर्णय त्याचा, असेच नाही का?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : संख्येविषयीचे आपले निरीक्षण साधारणपणे बरोबर आहे. १९६२ मध्ये २६४ जागांच्या सभागृहात काँग्रेसचे २१५ आमदार होते आणि शेतकरी कामगार पक्षाचे १५. १९६७ मध्ये ही संख्या १९ झाली, ती सर्वांत चांगली वेळ म्हणावी लागेल. २०१४ मध्ये २८८ जणांच्या सभागृहात पक्षाचे फक्त ३ आमदार उरले होते. मतदानाने एखादे विधेयक अडवणे किंवा सरकार पाडणे या बळावर शक्य नसते. परंतु विधानसभेचे कामकाज केवळ मतदानाने चालत नाही. त्यातला फार मोठा भाग प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा असतो, आणि तिथे एकट्या सदस्यालाही पूर्ण वाव असतो.

तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते त्या प्रश्नांची, छापील यादी आपण पाहिली नसेल तर तिचे थोडे वर्णन करतो, कारण आमदाराचे कसब तिच्यात दिसते. प्रत्येक प्रश्नाच्या वर तो विचारणाऱ्या सदस्यांची नावे आणि कंसात त्यांचे मतदारसंघ छापलेले असतात. त्यानंतर संबंधित मंत्री ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी ठरलेली सुरुवात येते. पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’ असे विचारतात; दुसऱ्यात ‘असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय’; तिसऱ्यात ‘त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’; आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. वर्षानुवर्षे हा साचा बदललेला नाही. उत्तरांचाही साचा तितकाच पक्का आहे. ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, आणि मग सगळ्यांवर पांघरूण घालणारे ‘प्रश्न उद्भवत नाही’.

आता या साच्यात अभ्यासू आमदार आणि इतर आमदार यांच्यातला फरक कुठे पडतो, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या भागातील वस्तुस्थिती ढोबळ असेल, म्हणजे ‘तालुक्यात पाणीटंचाई आहे, हे खरे आहे काय’ इतकेच विचारले असेल, तर विभागाला ‘हे खरे नाही’ असे लिहून मोकळे होता येते आणि पुढचे सगळे भाग आपोआप बाद होतात. त्याऐवजी गावाचे नाव, कामाचे नाव, मंजुरीचा दिनांक आणि खर्ची पडलेली रक्कम लिहिलेली असेल, तर अधिकाऱ्याला ‘हे खरे आहे’ असे लिहिण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि एकदा ते लिहिले की विलंबाची कारणेही द्यावीच लागतात. मग सभागृहात उपप्रश्न येतात. मंत्र्याचे उत्तर समाधानकारक नसेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात, आणि राखून ठेवलेल्या प्रश्नाची टांगती तलवार विभागावर राहते. मंत्र्याने ‘येत्या तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ असे म्हटले तर ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. या सगळ्या साखळीत बहुमताचा कुठेच संबंध येत नाही.

याशिवाय तातडीच्या सार्वजनिक बाबीवर नियम १०५ अन्वये लक्षवेधी सूचना देता येते, नियम २९३ अन्वये एखाद्या विषयावर सविस्तर चर्चेचा प्रस्ताव आणता येतो, अर्धा तास चर्चा मागता येते, अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना, म्हणजे एखाद्या खात्याने मागितलेली रक्कम कमी करण्याच्या सूचना, देता येतात. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती आणि खर्चाचे अंदाज तपासणारी अंदाज समिती यांच्या बैठका बंद दाराआड होतात, तिथे वृत्तपत्रांचे कॅमेरे नसतात. पण सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून एकेका रकमेचा हिशेब मागण्याचा अधिकार तिथे बसलेल्या साध्या आमदारालाही असतो. या समित्यांच्या कामाला आपल्याकडे फार कमी प्रसिद्धी मिळते, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

गणपतराव १९७७-७८ मध्ये काही काळ विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. त्या पदाचा काळ सोडला तरी शेतकरी कामगार पक्षाच्या आमदारांची सभागृहातील परंपराच अभ्यासाची होती. उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दि. बा. पाटील, दत्ता पाटील ही नावे घेतली की जुन्या पत्रकारांना कामकाजाचे संपूर्ण दिवस आठवतात. या मंडळींना पक्षात ‘भाई’ म्हणत. गणपतराव त्याच मुशीतले होते. सभागृह सुरू झाल्यापासून संपेपर्यंत जागेवर बसून राहणारे सदस्य अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनी वयाच्या नव्वदीपर्यंत टिकवली. ते बोलायला उभे राहिले की दोन्ही बाजूंचे बाक शांत होत, कारण ते मुद्दा सोडून बोलत नसत आणि आवाजही चढवत नसत.

प्रश्न : मी मूळची आटपाडीची, आता नोकरीनिमित्त पुण्यात राहते. आमच्या लहानपणी गावात टँकर यायचा, आता शेतात टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आले आहे. घरातली मोठी माणसे या पाण्याचे श्रेय नागनाथअण्णा आणि गणपतराव यांना देतात. एका आमदाराचा यात खरोखर किती वाटा असू शकतो?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या घरातील मोठी माणसे ज्या काळाबद्दल बोलत आहेत, त्या काळाचा हिशेब थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण आमदारकीचे सर्वांत खरे काम मला तिथेच दिसते.

सांगोला, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव, मंगळवेढा हा सगळा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा आहे. पश्चिमेला महाबळेश्वरच्या डोंगरात पावसाळाभर धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेकडे शंभर-दीडशे किलोमीटर गेले की तोच पाऊस वर्षाकाठी कसाबसा पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. सांगोला तालुक्यातून माण नदी वाहते खरी, पण वर्षातील बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते. ज्या कृष्णेचे पाणी कऱ्हाड-सांगलीच्या मळ्यांना मिळते, तिच्याच खोऱ्यात हे तालुकेही येतात. मात्र ते उंचावर आहेत आणि पाणी आपण होऊन चढ चढत नाही.

कृष्णेच्या पाण्याचा आंतरराज्य तंटा सोडवणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले आणि या निवाड्याचा ३१ मे २००० नंतर फेरविचार होऊ शकेल, अशी तरतूद ठेवली. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडवून वापरात आणले नाही तर पुढच्या वाटपात आपली बाजू लंगडी पडेल, ही भीती त्यातून निर्माण झाली. वर्षे सरत होती, धरणे रेंगाळत होती आणि जे पाणी अडले तेही नदीकाठच्या उसाला जात होते. या परिस्थितीत १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली. स्वातंत्र्यसैनिक क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख हे या चळवळीचे प्रमुख नेते होते. कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुके या मागणीखाली एकत्र आले. मागणी फक्त ‘आम्हाला पाणी द्या’ एवढीच नव्हती. प्रत्येक कुटुंबाला, अगदी भूमिहीनालाही, पाण्यात हक्काचा वाटा मिळावा, ही समन्यायी पाणीवाटपाची मागणी होती. वर्षानुवर्षे आटपाडीत या परिषदा होत राहिल्या आणि हजारो माणसे बैलगाड्या, ट्रक आणि एसटीने तिथे येत राहिली.

१९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कर्जरोखे काढून पैसा उभा राहिला आणि टेंभू व म्हैसाळ यांसारख्या उपसा सिंचन योजनांना गती आली. टेंभूत कऱ्हाडजवळ कृष्णेवर बांध घालून पाणी एकापाठोपाठ एक टप्प्यांनी वर उचलले जाते आणि खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव करत ते सांगोल्यापर्यंत आणले जाते. ही योजना कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात दरवर्षी अर्थसंकल्पात तिला किती तरतूद मिळाली, त्यातली किती खर्च झाली, भूसंपादन कोठे अडले, रेल्वेच्या किंवा महामार्गाच्या ओलांडणीची परवानगी कोणत्या टेबलावर आहे, पंपांच्या विजेचे बिल कोणी भरायचे, अशा शेकडो गाठी एकेक करून सोडवाव्या लागतात. वीजबिलाचा प्रश्न तर इतका बिकट झाला की बिल थकले म्हणून पंप बंद आणि पंप बंद म्हणून शेतकरी पाणीपट्टी भरत नाही, असे चक्र अनेक वर्षे फिरत राहिले. शेवटी बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलावा, असे धोरण ठरले.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. योजना अभियंत्यांनी आखली, पैसा सरकारने दिला, लोकांना रस्त्यावर आणण्याचे मोठे काम नागनाथअण्णांनी आणि डॉ. पाटणकरांनी केले. आमदार म्हणून गणपतरावांनी केले ते याच्या जोडीचे काम होते. परिषदेतला ठराव त्यांनी सभागृहात नेला आणि सभागृहातले उत्तर परत परिषदेत आणले. मुंबईत दिलेला शब्द आटपाडीच्या मैदानात जाहीरपणे मोजला जाणार आहे, याची जाणीव मंत्र्यांना असे. मंत्री बदलत, सरकारे बदलत, सचिव निवृत्त होत. आधीच्या मंत्र्याने काय कबूल केले होते हे दिनांकासह सांगणारा माणूस मात्र तोच राही. प्रशासनाची स्मरणशक्ती तोकडी असते, आणि दीर्घकाळ निवडून येणाऱ्या आमदाराचा सर्वांत मोठा उपयोग ती भरून काढण्यात आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या घरातील मोठ्या माणसांनी दिलेले श्रेय मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

प्रश्न : ते दोन वेळा मंत्री होते, असे ऐकतो. मंत्री म्हणून त्यांनी काय केले? आणि सांगोल्याची डाळिंबे त्यांच्यामुळे आली, हे खरे का?
— एक फळबागायतदार, मालेगाव

उत्तर : १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाच्या, म्हणजे ‘पुलोद’च्या सरकारात ते मंत्री होते, ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या सरकारात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी योजना ही खाती आली. २००२ मध्ये त्यांच्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा ते पद त्यांनी सोडले. दोन्ही काळ मिळून जेमतेम चार-साडेचार वर्षे होतात. पन्नास वर्षांच्या तुलनेत हा अवधी लहान आहे आणि त्यांचे मूल्यमापन त्यावरून करू नये, असे मला वाटते.

रोजगार हमीचे खाते त्यांच्याकडे येणे मात्र अगदी योग्य होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात सुरू झालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होते, आणि केंद्राचा कायदा होण्यासाठी त्यानंतर २००५ पर्यंत वाट पाहावी लागली. सांगोल्यासारख्या तालुक्यातील माणसांनी खडी फोडून आणि नालाबांध घालून ही योजना हाताने ओळखली होती.

डाळिंबाचा धागाही याच योजनेशी जोडलेला आहे. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली, ज्यात शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात खड्डे घेऊन फळझाडे लावायची आणि त्याची मजुरी व रोपांचा खर्च शासनाने द्यायचा, अशी तरतूद होती. कमी पाण्यावर येणारी डाळिंब आणि बोर ही पिके सांगोल्याच्या माळरानाला मानवली आणि ठिबकच्या जोडीने बागा वाढत गेल्या. ‘त्यांच्यामुळे आली’ असे म्हणणे शेतकऱ्यांच्या कष्टांवर अन्याय करणारे होईल, कारण तेल्या रोगाने उभ्या बागा काळ्या पडल्या तेव्हा कुऱ्हाड चालवण्याची आणि पुन्हा रोपे लावण्याची वेळ त्याच शेतकऱ्यांवर आली होती. आपण मालेगावचे असल्यामुळे हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको. गणपतरावांच्या नावाशी अधिक थेट जोडलेली संस्था म्हणजे सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी. राज्यातील कितीतरी सहकारी गिरण्या कर्जात बुडून बंद पडल्या असताना ही गिरणी चांगली चाललेली गिरणी म्हणून ओळखली गेली.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. पैसा नसलेल्या व्यक्तीने आमदार होण्याचा विचार करावा का? गणपतरावांच्या साधेपणाच्या गोष्टी आम्हाला सांगितल्या जातात, पण तो काळ वेगळा नव्हता का?
— एक महिला वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : आपला प्रश्न मनाला लागला, आणि त्याला गोड उत्तर देऊन मी आपली फसवणूक करणार नाही.

कायद्याच्या दृष्टीने अटी फार थोड्या आहेत. विधानसभेसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावीत, राज्यातील मतदारयादीत नाव असावे आणि १०,००० रुपये अनामत भरावी. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी आहे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे. ही कमाल मर्यादाच ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या सामान्य घरातील स्त्रीच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि प्रत्यक्षात अनेक ठिकाणी किती खर्च होतो ते आपण गावात राहून माझ्यापेक्षा जवळून पाहत असाल.

काळ वेगळा होता, हेही खरे आहे. एसटीच्या लाल गाडीत पुढच्या एखाद्या आसनावर, खिडकीच्या वर, आमदार-खासदारांसाठी राखीव असल्याचे रंगाने लिहिलेले असते. आज बहुतेक प्रवासी त्या अक्षरांकडे पाहतही नाहीत, आणि शेतातली भाजी बाजाराला नेणारी बाई तिथे निर्धास्त बसते, कारण त्या आसनावर बसायला आमदार येईल असे कोणालाच वाटत नाही. गणपतराव त्या आसनावर खरोखर बसून प्रवास करणारे आमदार होते. पेशाने वकील असलेला, मोहोळ तालुक्यातील पेनूर या गावातून येऊन सांगोल्यात स्थिरावलेला हा माणूस एसटीने फिरतो, एवढ्यासाठी लोकांनी त्यांना मते दिली असे मी म्हणणार नाही. परंतु एसटीत शेजारी बसलेला प्रवासी आपले गाऱ्हाणे थेट सांगू शकतो, त्याला चिठ्ठी पाठवून बाहेर ताटकळावे लागत नाही, याचा परिणाम नक्कीच होतो.

तरीही आपल्याला माझे उत्तर ‘होय, विचार करावा’ असेच आहे. गणपतरावांच्या निवडणुकांत कार्यकर्ते घरची भाकरी बांधून प्रचाराला जात आणि लोक वर्गणी काढत, ही जुन्या शेतकरी कामगार पक्षाची रीत होती. ती एका रात्रीत तयार झाली नव्हती. मोर्चे, दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे प्रश्न, तहसील कचेरीतल्या खेपा यांतून ती वर्षानुवर्षे बांधली गेली होती. आपण ग्रामपंचायतीत आहात, म्हणजे त्या कामाच्या पहिल्या पायरीवर उभ्या आहात. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, तो मार्ग आधी धरावा, असे मी सुचवेन.

प्रश्न : एक पक्ष आयुष्यभर न सोडणे ही निष्ठा की हट्ट? आणि पक्षांतरबंदीचा कायदा असूनही पक्षांतरे कशी होतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली, तेव्हा पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होते. २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकले आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाला तेवढे संरक्षण ठेवले. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे आहे आणि त्यासाठी अनुसूचीत कालमर्यादा नाही. कायद्यातील खरी भेग तिथे आहे.

पहिल्या भागाबद्दल माझे मत असे की आमदाराच्या बाबतीत निष्ठा आणि हट्ट यांच्यातला फरक त्याच्या मतदारांनी ठरवावा. शेतकरी कामगार पक्ष १९४७ मध्ये स्थापन झाला तेव्हा त्याचा दबदबा होता आणि गणपतरावांच्या हयातीतच तो दोन-चार तालुक्यांपुरता उरला. पक्ष लहान होत गेला तरी सांगोल्याने त्यांना कायमचे नाकारले नाही, कारण मतदारांना उमेदवाराची विचारसरणी दर पाच वर्षांनी नव्याने समजून घ्यावी लागत नव्हती.

प्रश्न : त्यांच्यानंतर सांगोल्यात काय झाले? आणि आमच्या आमदाराने सभागृहात काय काम केले, हे सामान्य मतदाराला कसे कळेल?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : २०१९ मध्ये गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या ७६८ मतांनी पराभूत झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शेतकरी कामगार पक्षाच्याच वतीने शहाजीबापूंना हरवून ती जागा परत मिळवली. नातवांना उमेदवारी मिळाली यावर टीका होऊ शकते आणि ती व्हावीही; पण त्याच मतदारांनी एकाला नाकारले आणि दुसऱ्याला स्वीकारले, ही वस्तुस्थितीही ध्यानात ठेवावी.

आपल्या आमदाराचे काम पाहण्याचा मार्ग वाटतो तितका अवघड नाही. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नांच्या याद्या, त्यांची उत्तरे आणि सभागृहातील कामकाजाचे वृत्तांत ठेवलेले असतात. आपल्या मतदारसंघाचे नाव मराठीत नीट लिहून एका अधिवेशनाच्या सगळ्या याद्या चाळाव्यात. एकाच प्रश्नावर वीस-पंचवीस नावे दिसतील, कारण अनेक सदस्य एकत्र सूचना देतात. अशा ठिकाणी पहिले नाव कोणाचे आहे ते पाहावे. त्यानंतर वृत्तांतात जाऊन तो प्रश्न पुकारला गेला तेव्हा आपला आमदार उपस्थित होता का आणि त्याने उपप्रश्न विचारला का, हे तपासावे. आमदार स्थानिक विकास निधी आता वर्षाला ५ कोटी रुपये आहे. त्यातून कोणत्या गावात कोणते काम मंजूर झाले, याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयातील नियोजन विभागाकडे असते आणि माहितीच्या अधिकारात साध्या अर्जावर मागता येते.

अधिवेशन चालू असताना मुंबईला किंवा डिसेंबरात नागपूरला जाणे झाले, तर आमदाराकडून प्रेक्षक कक्षाचा पास मागून घ्यावा आणि तो शक्यतो दुपारनंतरचा घ्यावा. सकाळी प्रश्नोत्तराच्या तासाला गर्दी असते. संध्याकाळी विभागवार मागण्यांवर चर्चा सुरू होते, तेव्हा बहुतेक बाक रिकामे असतात, आणि त्या वेळी कोण बसलेले आहे ते वरून स्पष्ट दिसते.